कचरा विमानतळाचा, प्रश्न आख्ख्या गोंदियाचा

बिरसी विमानतळाबद्दल आपल्याकडे दोनच चर्चा चालतात. नवीन विमान कधी सुरू होणार, आणि चालू असलेलं बंद तर पडणार नाही ना? साहजिक आहे. मार्च २०२२ मध्ये फ्लायबिग आली, काही महिन्यांत गेली. १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोची हैदराबाद सेवा सुरू झाली, तेव्हा कुठे लोकांना जरा भरवसा वाटला.

पण विमानासोबत कचराही येतो. त्यावर कोणी बोलत नाही.

एका एटीआर विमानात ७८ जागा. उतरणारे, चढणारे, शिवाय सोडायला आलेली घरची मंडळी. पाण्याच्या बाटल्या, चहाचे कप, नाश्त्याचे डबे, आणि पार्किंगमध्ये आपल्या खर्ऱ्याच्या पन्न्या! मुंबई-दिल्लीच्या मानाने हे काहीच नाही. म्हणूनच म्हणतो, सवय आत्ताच लावा. कचरा कमी आहे तोवरच शिस्त लागते.

निळा-हिरवा डबा ठेवला म्हणजे काम झालं असं नाही. डब्यात वेगळा पडलेला कचरा पुढे एकाच गाडीत कोंबला तर सगळी मेहनत पाण्यात. ओला कचरा आवारातच जिरवता येतो, खत तिथल्याच बागेला घालता येतं. बाटल्या, पुठ्ठा, कॅन यांना तर भंगारात भाव आहे. हे काम बिरसी-कामठ्याच्या महिला बचत गटांना द्या. विमानतळासाठी ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांच्या घरात दोन पैसे जातील.

आता मोठा मुद्दा. विमान नियम १९३७ मधला नियम ९१ सांगतो की विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी-जनावरं गोळा होतील असा कचरा टाकायचा नाही, जनावरं कापायची नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार कचरा पुरण्याची जागा विमानतळापासून २० किलोमीटर लांब हवी होती. खास बाब म्हणून १० ते २० किलोमीटरमध्ये परवानगी मिळू शकत होती, पण त्यासाठी हवाई वाहतूक खात्याची एनओसी लागत होती.

बिरसी गोंदियापासून सुमारे १२ किलोमीटर. म्हणजे शहराचा कचरा कुठे टाकायचा, हा प्रश्न आता एकट्या नगर परिषदेचा राहिलेला नाही. शहराच्या आसपास ढीग घालायचा म्हटलं तर विमानतळ आडवा येऊ शकतो. मग ढीग घालायची जागा शोधत बसण्यापेक्षा ढीगच कमी करा ना! घरात ओला-सुका वेगळा करा, घंटागाडीत वेगळाच ठेवा, पुनर्वापर होईल ते आधी बाजूला काढा.

हा कागदी नियम नाही. कोंबडीची आतडी, हॉटेलचं उष्टं उघड्यावर पडलं की घारी, कावळे, कुत्री आलीच. जून २०२५ मध्ये रांचीजवळ इंडिगोच्या विमानाला गिधाड धडकलं, १७५ प्रवाशांचं विमान तातडीने उतरवावं लागलं. ते तर मोठं विमान होतं. आपल्याकडे प्रशिक्षण संस्थेची एका इंजिनाची छोटी विमानं कमी उंचीवर घिरट्या घालतात आणि चालवणारी असतात विशी-बाविशीतली पोरं.

कोणी म्हणेल, इथे तलाव आहेत, पक्षी तर येणारच. येऊ द्या! परसवाडा, झिलमिलीचे तलाव आणि आपला सारस हे गोंदियाचं वैभव आहे. दोष त्यांना देऊ नका. घारी आपण बोलावतो, सारस नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. विमानतळावर महिन्याला किती कचरा निघाला, किती पुनर्वापराला गेला, याचा फलक दर्शनी भागात लावा.
२. भरून घेता येईल असं थंड पाणी ठेवा, बाटल्या आपोआप कमी होतील.
३. विमानतळ, नगर परिषद आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींची कचऱ्यावर दर तीन महिन्यांनी एकत्र बैठक घ्या आणि इतिवृत्त जाहीर करा.
४. १० किलोमीटरच्या आतल्या मटण-चिकन दुकानांचा कचरा रोज उचलण्याची सोय आधी करा, दंडाची पावती नंतर फाडा.

यातल्या एकाही कामाला दिल्लीच्या मंजुरीची किंवा कोट्यवधींच्या निधीची वाट पाहावी लागू नये. विमान आणण्यासाठी आपण जेवढी निवेदनं दिली, त्यातलं एक तरी आता कचऱ्यासाठी देऊ या.

तुमच्या वॉर्डात, गावात कचरा उचलून पुढे नेमका कुठे जातो? माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर अजून चांगलं.

#गोंदिया #बिरसी_विमानतळ