उजेडाचा हिशेब

यंदाच्या हंगामात मामांच्या रानाशेजारच्या माळावर ऊसतोड टोळी उतरली होती. बीडकडची, बारा कोयत्यांची. (शहरातल्या भाचरांसाठी: एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. असो.) त्या टोळीसाठी मी एक छोटी सोलरची व्यवस्था करून दिली. ती करताना मी दोनदा आपटलो आणि एकदा मला चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. घरातल्यांना हे तुकड्यातुकड्यानं माहीत आहे, आज सलग लिहितो.

आम्ही इचलकरंजीची माणसं विजेच्या बाबतीत जरा हळवी आहोत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून या गावाची नाडी म्हणजे मागांची खडखड. भारनियमनाच्या दिवसांत ती मध्येच थांबायची. बाहेरगावची माणसं आवाजानं जागी होतात, आम्ही शांततेनं जागे व्हायचो. वीज गेली म्हणजे शिफ्ट गेली, शिफ्ट गेली म्हणजे शनिवारचा पगार कमी, हे गणित आम्हाला शाळेत जायच्या आधीच यायचं. इतकं असूनही गावापासून अर्ध्या तासावर, शिरोळ तालुक्यात, दरवर्षी चार-पाच महिने माणसं अंधारात राहून काम करतात, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कधी टोचलं नव्हतं.

टोचलं ते असं. डिसेंबरात मामांकडे मुक्कामाला होतो. पहाटे तीनला जाग आली तर माळावर बारीक बारीक ठिपके हलत होते. मोबाईलच्या बॅटऱ्या. एका हातात मोबाईल धरून बायका भाकऱ्या थापत होत्या. खरं तर एका हातानं भाकरी थापता येत नाही, म्हणून मोबाईल दातात. साडेचारला सगळे फडात. दुपारी तेच मोबाईल मेलेले, आणि एक पोरगा पिशवीत दहा-बारा फोन घालून गावातल्या दुकानात चार्जिंगला निघालेला. फोन बंद राहून चालत नाही. गाडी कधी येणार, उद्या कुठला फड, हे सगळं आता फोनवरच कळतं.

तुम्ही म्हणाल, मामांच्या मोटारीच्या पेटीतून एक वायर ओढायची की! पहिली गोष्ट, ते नियमात बसत नाही. दुसरी, शेतीच्या फीडरला वीज आठ तास, आणि ती दिवसा यावी अशीच तर आम्हा शेतकऱ्यांची मागणी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याचसाठी आहे. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ही आला, चांगलंच झालं. पण त्या पंपाला बॅटरी नसते. ऊन पडलं की चालतो, मावळलं की थांबतो. पाण्याला ते पुरतं. पहाटे तीनच्या भाकरीला नाही.

मी आयटीआय झालेला माणूस, मागांच्या मोटारी दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. वाटलं, त्यात काय एवढं! मामांच्या शेडात ट्रॅक्टरची एक बरी बॅटरी होती, एक जुनं पॅनेल मिळालं. जोडून दिलं. बारा खोप्यांत बारा बल्ब लागले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन आठवड्यांत बॅटरी खलास.

चूक माझीच. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिनाला एक दणका देण्यासाठी असते. काही सेकंद भरपूर करंट, मग लगेच पुन्हा भरायची. रोज रात्री तळापर्यंत उपसली की तिच्या पातळ प्लेटा टिकत नाहीत. पैलवानाला रात्रभर जागलीवर बसवण्यातला प्रकार. त्याला कामाची दुसरी जात लागते.

मग शहाण्यासारखं आधी वही घेऊन बसलो. हेच मुळात पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पाच वॉटचे बारा बल्ब, संध्याकाळचे तीन तास आणि पहाटेचे दोन, म्हणजे ३०० वॉट-तास. सोळा फोन, प्रत्येकी पंधरा धरा, २४०. रोजची गरज झाली ५४०. बारा व्होल्टची ६० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली. तिच्यात साडेसातशेच्या वर मावतात आणि ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येतात. साध्या लेडच्या बॅटरीची निम्म्याखाली रोज उपसा केली तर तब्येत बिघडते, शिवाय ती उचलायला दोन माणसं. ही एका हातात येते, आणि टोळी जागा बदलते तेव्हा हा गुण मोठा ठरतो. पॅनेल शंभर वॉटची दोन. हिवाळ्यातलं साडेचार तासांचं कडक ऊन धरलं आणि पाव हिस्सा धूळ-गरमीला सोडला, तरी पावणेसातशे मिळतात. हंगामच असा की आभाळ बहुतेक कोरडं. पॅनेल दक्षिणेला तोंड करून तीस अंशांवर उभं केलं. फक्त पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी त्यावर बसते, ती रोज ओल्या फडक्यानं पुसायची. हे काम सहावीतल्या एका पोरीनं आपणहून घेतलं.

बॅटरीच्या अगदी तोंडाशी, प्लसच्या वायरीला फ्यूज. ही गोष्ट मी कुणाशीही वाद न घालता करतो. खोप्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या, तिथे वायर तापली तर पुढचं बोलायला नको.

सगळं लागलं, आणि शेवटच्या दोन खोप्यांत बल्ब मिणमिणते. तिथली एक बाई म्हणाली, “आमी मागून आलो म्हणून उजेडबी उरलेलाच का ओ दादा?” ती थट्टाच करत होती, पण मला झोप आली नाही. कारण साधं होतं. मी पैसे वाचवायला बारीक वायर ओढली होती. घरातल्या २३० व्होल्टमध्ये दोन व्होल्ट गळले तर कळतही नाही, बारा व्होल्टमध्ये दोन गळले की शेवटच्या माणसाच्या घरात अंधार. दुसऱ्या दिवशी चार चौरस मिलिमीटरची वायर आणली.

आता ऐकून घेतलं ते. जानेवारीत गाडी रात्री अकराला यायला लागली. मुकादमानं पोरांना सांगून दोन बल्ब काढले आणि लांब वायरीवर गाडीपाशी टांगले, मोळ्या भरायला. पूर्वी अंधारामुळे ‘सकाळी भरू’ असं म्हणायची सोय होती, ती माझ्या उजेडानं गेली! शिवाय रात्री बॅटरी उपसल्यानं पहाटे तीनला स्वयंपाकाला अंधार. बायकांनी मला सरळ विचारलं, की हा दिवा तुम्ही आमच्यासाठी लावला का गाडीसाठी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्यांनीच ठरवलं: बल्ब खोपीबाहेर जाणार नाहीत, आणि बॅटरीच्या पेटीची किल्ली मुकादमाकडे नाही, त्या बाईकडे. मुकादम दोन दिवस घुश्शात होता. गाडी आपला दिवा आणू लागली.

म्हणून मला वाटतं की असली व्यवस्था कुणी ‘वाटून’ उपयोगाचं नाही. किल्ली कुणाकडे आणि बिघडली तर येणार कोण, हे आधी ठरलं पाहिजे. सीमेपलीकडे बेंगळुरूच्या हरीश हांडे यांनी १९९५ साली सेल्को सुरू केली तेव्हा हेच धरलं होतं. जवळ दुरुस्तीला माणूस, आणि गिऱ्हाइकाच्या कमाईला झेपेल असा बँकेचा हप्ता. २०११ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. आपल्याकडे अजून पॅनेलबरोबर फोटो काढला की योजना संपते.

आणि पैशाचं म्हणाल तर, सगळा खर्च २८ हजारांच्या आसपास आला. मुकादमाच्या हिशेबानं एक कोयता दिवसाला दीड टन तोडतो. बारा कोयते, १२० दिवस, म्हणजे एकवीसशे टनांच्या वर. एकाच हंगामावर सगळा खर्च टाकला तरी टनाला तेरा रुपये. बॅटरी पाच हंगाम टिकली (टिकायला हवी) तर टनाला तीन रुपयेही नाहीत. हे कारखान्यांना जड आहे? याच उसाच्या बगॅसवर किती कारखाने वीज तयार करतात आणि ग्रिडला विकतात! ज्याच्या कोयत्यानं ती वीज निघते त्याच्या खोपीत पाच वॉट नाहीत. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, त्यासाठी टनामागे कारखान्यांकडून पैसे घ्यायचं ठरलेलं आहे. त्यातून नोंदलेल्या प्रत्येक टोळीला अशी एक पेटी द्यायला काय हरकत आहे? टोळीच्या नावावर, बायकांच्या ताब्यात, आणि तालुक्याला एक आयटीआयचा पोरगा दुरुस्तीला. मामा म्हणतात, “विकून खातील.” मामा, तुमच्या टोळीनं जाताना बल्बसुद्धा मोजून परत दिले, ते तुम्हीच मोजून घेतलेत.

मार्चात टोळी गेली. पॅनेल शेडात उलटी करून ठेवलीत. बॅटरी आमच्या माडीवर आहे, निम्मी भरून. लिथियम महिनोन्‌महिने पूर्ण भरून ठेवू नये. परवा त्या बाईचा गावाकडून फोन आला होता. दिवाळीनंतर कुठल्या कारखान्याला जायचं ते अजून ठरलेलं नाही, उचल कोण किती देतो त्यावर आहे. दुसरीकडे गेलो तर पेटी पाठवाल का, असं विचारत होती. मी हो म्हटलंय. एसटीत बॅटरी चालते का, कुणाला माहीत असेल तर सांगा.