पाचव्या माणसाची जागा

घर सजवताना बैठकीच्या खोलीवर सढळ हाताने खर्च होतो, देवघराकडे श्रद्धेने लक्ष दिले जाते. भोजनाच्या जागेच्या वाट्याला मात्र बहुधा उरलेला कोपरा येतो. शहरातील बेताच्या सदनिकेत हा कोपरा जेमतेम सहा-सात फुटांचा असतो. व्यापारी कुटुंबात पुरुषांचा, आणि अलीकडे अनेक घरांत स्त्रियांचाही, दिवसाचा मोठा भाग दुकानात किंवा पेढीवर जातो. मुलांची शाळा आणि शिकवणी यांचे वेळापत्रक निराळे. घरातील माणसे एकमेकांसमोर येतात ती याच कोपऱ्यात. म्हणून या जागेच्या सजावटीचा विचार रंग आणि पडदे यांच्याआधी माणसांच्या मोजणीपासून सुरू व्हावा.

बाजारात सर्रास मिळतो तो चार खुर्च्यांचा संच. घरात आजी, पती-पत्नी आणि दोन मुले अशी पाच माणसे असली, तरी जागा लहान म्हणून हाच संच घेतला जातो. पाचव्या माणसाचा प्रश्न कोणी उघडपणे विचारत नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक असते. वाढणारी गृहिणी उभीच राहते; सर्वांचे आटोपल्यावर ओट्यापाशी ताट घेऊन एकटी जेवते. कधी आजीच आपण होऊन म्हणते, ‘मी आतच बसते.’ घरात कुणाचाच हेतू वाईट नसतो, पण फर्निचराने एका माणसाला पंक्तीबाहेर बसवलेले असते. लहान जागेची खरी कसोटी येथे आहे.

थोडे गणित केले तर ही अडचण सुटते. जेवणाऱ्या प्रत्येकाला टेबलाच्या कडेची सुमारे २४ इंच रुंदी पुरते. टेबलाची उंची ३० इंच आणि आसनाची १८ इंच असावी. खुर्चीमागून कुणाला ये-जा करता यावी यासाठी टेबलाच्या कडेपासून सुमारे ३६ इंच मोकळे लागतात. खुर्चीला चारही बाजूंनी अशी वाट सोडत बसले, तर लहान कोपरा वाटेतच संपतो. त्यासाठी भिंतीला लागून १६ इंच खोलीचा बाक करावा. त्यापुढे चार फूट लांब व अडीच फूट रुंद टेबल ठेवावे. बाकावर दोन मुले बसतील, समोर दोन खुर्च्या आणि टेबलाच्या मोकळ्या टोकाशी एक खुर्ची मावेल. पाच माणसांची ही बैठक साधारण सात फूट बाय साडेसहा फुटांत बसते. बाकाच्या पोटात खण केले, तर पाहुण्यांसाठी ठेवलेली ताटे आणि डबेही तेथे राहतात.

जागा वाटतानाही विचार हवा. पाठ नसलेल्या बाकावरून उठणे आजीच्या गुडघ्यांना जड जाते. टोकाची खुर्ची तिला द्यावी, आणि तिला हात असावेत, म्हणजे हातांवर भार देऊन उठता येते. समोरच्या दोन खुर्च्यांपैकी स्वयंपाकघराजवळची खुर्ची वाढणाऱ्या व्यक्तीची. टेबलाच्या मध्यभागी पोळ्यांचा डबा, भाजी, आमटी आणि पाण्याचा तांब्या एकदा मांडला की प्रत्येकाला हाताने घेता येते आणि वाढणारीलाही बसता येते. ज्यांना पाटावर बसूनच जेवणे रुचते, त्यांच्यासाठी घडीचा चौरंग बाकाखाली ठेवता येतो.

आता प्रकाश. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या घरांत या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जूनअखेरीस मुंबईत सूर्य सव्वासातनंतर मावळतो. डिसेंबरच्या आरंभी मात्र सहाच्या सुमारास. पेढी तेव्हा ऐन गर्दीत असते, आणि चौविहार पाळणारे ज्येष्ठ माणूस साडेपाचला एकटेच पानावर बसते. घराला पश्चिमेकडे खिडकी असेल तर टेबल तिच्याजवळ असावे. खिडकीसमोरच्या भिंतीवर रुंद आरसा लावला, तर मावळतीचा उजेड कोपऱ्यात आतपर्यंत पोहोचतो आणि जागाही मोठी भासते. शाळेतून परतलेली मुले त्याच वेळी दुधाचा पेला घेऊन तेथे बसली, तर ज्येष्ठांचे जेवण एकाकी राहत नाही. दिवेलागणीनंतरच्या वापरासाठी टेबलाच्या पृष्ठभागापासून सुमारे ३० इंच उंचीवर एक टांगता दिवा पुरेसा आहे. तो २,७०० ते ३,००० केल्विनचा, पिवळसर उजेडाचा असावा. निळसर पांढऱ्या दिव्याच्या तुलनेत त्याकडे कीटक कमी येतात. खिडकीला बारीक जाळी असावीच.

टेबलाचा पृष्ठभाग निवडताना नुसत्या देखणेपणाला भुलू नये. पांढरा संगमरवर शोभिवंत खरा. पण त्यात चुनखडीचा अंश असल्याने लिंबू, चिंच किंवा ताक सांडले की त्याची चकाकी उतरते, आणि हळदीचा डाग त्यात मुरतो. कडाप्पा आणि कोटा हे दगडही आम्लाने निस्तेज होतात. ग्रॅनाइट या बाबतीत पुष्कळ टिकाऊ. लाकडी टेबल हवे असेल तर सागवान उत्तम. काटकसर करायची असल्यास चांगल्या प्लायवर फिकट सनमायका लावावा, मात्र त्याच्या कडा नीट बंद कराव्यात, नाहीतर पाणी शिरून प्लाय फुगतो. बाकामागच्या भिंतीला तीन-साडेतीन फुटांपर्यंत धुता येणारा रंग किंवा लाकडी पट्ट्या लावल्यास डोक्याचे तेल आणि मुलांचे हात यांचे डाग सहज पुसता येतात. त्याच्या वरची भिंत फिकट ठेवावी.

भिंतीवर काय लावावे? दुकानात मिळणारी फळांची चित्रे विकत घेण्याआधी घराचा माळा पाहावा. धान्याचा व्यापार केलेल्या कित्येक घरांत पितळी किंवा लाकडी मापे अजून पडून आहेत. पायलीत चार शेर, अधोलीत दोन, मापटे अर्ध्या शेराचे आणि चिपटे पाव शेराचे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि ही सारी हळूहळू व्यवहारातून गेली. चिंच लावून घासलेली अधोली, मापटे आणि चिपटे एका अरुंद फळीवर क्रमाने मांडली, तर त्यांच्याइतकी शोभा विकतच्या वस्तूला येणार नाही. मापट्यात चमचेही ठेवता येतात. शिवाय मुले एक दिवस विचारतील, की हे काय आहे; तेव्हा पणजोबांच्या दुकानाची गोष्ट जेवताजेवता निघेल, आणि ती सांगायला आजी टेबलावरच असेल.

या साऱ्याला मोठा खर्च लागत नाही. सुताराला बोलावण्यापूर्वी घरातील एकाने टेप घेऊन कोपरा मोजावा, जमिनीवर खडूने बाक, टेबल आणि खुर्च्या आखाव्यात, आणि एका रविवारी सर्वांनी त्या रेघांत आपापल्या जागी बसून पाहावे. कोणाला उठताना अडचण होते, कोणाचा हात भाजीपर्यंत पोहोचत नाही, हे त्या पाच मिनिटांत कळते. सर्वांची जागा ठरल्यावरच बयाणा द्यावा.