आठ कोअर आले, रांग मात्र तेवढीच

मार्चअखेर जवळ आली की सरकारी कार्यालयांत आणि रुग्णालयांत खरेदीच्या फायली हलू लागतात. संगणकांच्या फायलीला सध्या सबळ कारणही आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले. रुग्णांची नावे, निदान आणि तपासण्या ज्या यंत्रात साठवल्या आहेत, ते असे असुरक्षित ठेवता येत नाही. म्हणून काही तरी बदलणे भाग आहे. पण घ्यायचे काय? विक्रेत्याच्या कोटेशनवर सगळ्यात ठळक आकडा कोअरचा असतो. चारऐवजी आठ कोअर म्हणजे दुप्पट वेग, हा हिशेब मनाला लगेच पटतो. यंत्र आल्यावर केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग मात्र अनेकदा पूर्वीइतकीच लांब राहते.

कोअर म्हणजे प्रोसेसरच्या चिपवरचा हिशेब करणारा एक स्वतंत्र भाग. पूर्वी एका चिपवर असा एकच भाग असे आणि वेग वाढवण्याचा मार्ग सरळ होता: त्याच्या ठोक्यांची गती वाढवायची. १९९३ मध्ये पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झचा होता. २००४ पर्यंत पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला. म्हणजे ११ वर्षांत साठपटींहून अधिक वाढ. तिथे उष्णता आडवी आली. गती आणखी वाढवली तर चिप इतकी तापे की ती थंड ठेवणे परवडेना. इंटेलने त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला. २००५ मध्ये घरगुती संगणकांत दोन कोअरच्या चिपा आल्या, पुढे चार, आठ आणि त्याहून अधिक. ठोक्यांची गती मात्र त्यानंतरच्या वीस वर्षांत दुप्पटही झालेली नाही. आजच्या सर्वांत वेगवान घरगुती चिपाही थोड्या वेळापुरत्या ६ गिगाहर्ट्झच्या आसपास जातात. एका ठोक्यात होणारे काम वाढले, ही त्यातली जमेची बाजू.

कोअर वाढले तर वेग किती वाढेल, याचे गणित त्याआधीच मांडले गेले होते. आयबीएमच्या सिस्टिम ३६० या संगणकाचे प्रमुख रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की, कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो.

हे रुग्णालयातल्या उदाहरणाने पाहू. समजा, एका कामाला १०० मिनिटे लागतात. त्यातली ७५ मिनिटे प्रयोगशाळेतल्या नमुन्यांची आहेत आणि ती अनेक तंत्रज्ञांमध्ये वाटता येतात. उरलेली २५ मिनिटे एकाच डॉक्टरच्या सहीची आहेत. आठ तंत्रज्ञ लावले तर ७५ मिनिटांचे काम साडेनऊ मिनिटांत होईल. सहीची २५ मिनिटे धरून एकूण वेळ साधारण ३४ मिनिटे. माणसे आठपट, वेग तिपटीच्या आतच. शंभर तंत्रज्ञ लावले तरी २५ मिनिटांच्या खाली येता येणार नाही. प्रोसेसरमध्येही नेमके हेच होते. निम्मेच काम वाटण्याजोगे असेल, तर कितीही कोअर जोडले तरी वेग दुपटीपलीकडे जात नाही.

काही कामे मुळातच वाटून देण्याजोगी असतात. सीटी स्कॅनमध्ये शरीराच्या शेकडो आडव्या छेदांची चित्रे तयार होतात आणि त्यांतली बरीचशी एकाच वेळी करता येतात. जनुकीय तपासणीत लक्षावधी छोटे तुकडे जुळवायचे असतात; तेही वाटता येतात. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो अनेक छोटे प्रोसेसर जोडूनच. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतला अर्क हा महासंगणक याच तत्त्वावर चालतो. नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा हिशेब वेगवेगळ्या प्रोसेसरकडे जातो. अशा ठिकाणी अधिक कोअरचे पैसे वसूल होतात. घरच्या संगणकावरही मागे अँटिव्हायरस चालू असताना व्हिडिओ कॉल अडखळत नाही, त्याचे बरेचसे श्रेय अनेक कोअरना आहे.

केसपेपरच्या नोंदणीचे तसे नाही. नाव टाइप करा, जुनी नोंद शोधा, सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहा, कागद छापा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून. यात कोअर बहुतांश वेळ रिकामेच बसलेले असतात. जुन्या संगणकात फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एक नोंद शोधायला तिला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ३ गिगाहर्ट्झच्या एका कोअरचे ३ कोटी ठोके होऊन जातात. एसएसडीमध्ये हाच वेळ शंभरपटीने किंवा त्याहूनही कमी होतो. रॅम अपुरी असेल तर संगणक पुन:पुन्हा डिस्ककडे धावतो. आणि सर्व्हरपर्यंतची लाइनच संथ असेल, तर टेबलावर कितीही महागडे यंत्र ठेवा, ते वाटच पाहत बसेल.

कोअरचा आकडा स्वतःही फसवा असतो. अनेक मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये काही कोअर ताकदीचे आणि बाकीचे वीज वाचवणारे, संथ असतात. दोन्ही एकत्र मोजून खोक्यावर 'आठ' छापले जाते. '१६ थ्रेड' म्हणजेही १६ कोअर नव्हेत. सगळे कोअर एकदम राबू लागले की चिप तापते आणि स्वतःहून गती कमी करते. धुळीने भरलेला पंखा आणि उन्हाळ्यातली बंद खोली असेल, तर ही घट आणखी लवकर होते. विंडोज ११ ला मुळात दोनच कोअर पुरतात. तरीही इंटेलच्या सातव्या पिढीतले चार कोअरचे बहुतेक संगणक त्यासाठी अपात्र ठरतात, कारण अट प्रोसेसरची पिढी आणि सुरक्षा चिप यांची आहे.

रांग खरोखर कमी करायची तर न वाटता येणारा भागच छोटा करावा लागतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील 'स्कॅन अँड शेअर' ही सोय त्याचे चांगले उदाहरण आहे. रुग्ण ओपीडीतला क्यूआर कोड आपल्या मोबाइलवरून स्कॅन करतो, नाव-वय-पत्ता खिडकीवरच्या संगणकात पोहोचतो आणि टोकन मिळते. कारकुनाचे टाइपिंग वाचते. इथे प्रोसेसर कोणीही बदलला नाही. एका खिडकीवर अडलेले काम रांगेतल्या अनेकांच्या हातात वाटले गेले. अर्थात ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे साधी खिडकी आणि ती चालवणारा माणूस लागणारच. त्यांच्या रांगेचा विचार सोडून चालणार नाही.

म्हणून औषधाआधी निदान हवे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचा वापर दिसतो. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू १५ टक्क्यांवर असेल, तर डिस्क बदलून पाहावी. तो खर्च नव्या संगणकाच्या मानाने किरकोळ असतो. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवावी. आठ कोअरच्या यंत्रात सीपीयू १२-१३ टक्क्यांवरच अडकून राहिला, तर बहुधा एकच कोअर राबतो आहे आणि सात बसून आहेत. तिथे एका कोअरचा वेग जास्त असलेली चिप किंवा सुधारलेले सॉफ्टवेअर उपयोगी पडेल. चारही आकडे खाली असूनही काम संथ असेल, तर दोष सर्व्हरमध्ये, लाइनमध्ये किंवा कामाच्या पद्धतीत शोधावा.

सोमवारी सकाळी दहा ते अकरा, ऐन गर्दीच्या वेळी, हे आकडे आठवडाभर टिपून ठेवायला एक वही पुरते. त्या वहीचे पान खरेदीच्या प्रत्येक फायलीला जोडणे सक्तीचे केले, तर बराच सार्वजनिक पैसा वाचेल आणि खिडकीसमोर तासभर उभ्या असलेल्या माणसाचा नंबरही थोडा लवकर लागेल.