आजीला सोबत नेताना



चणा घरात आला, तुरीचे पैसे हाती पडले, पीककर्जाचा भरणा झाला, की अखाजीपर्यंत शेतकऱ्याच्या घरी थोडी उसंत असते. पूर्वी ही उसंत शेगाव, माहूर, फार तर पंढरपूर यांच्या वाट्याला जायची. आता अमरावती-अकोल्याकडच्या घरांतूनही "एकदा सिंगापूर पाहून यावे" असे बोल ऐकू येतात. त्यात वावगे काही नाही. फक्त कर्ज काढून जाऊ नये आणि बियाण्याच्या पैशाला हात लावू नये, एवढे पथ्य पाळावे.

गेल्या साली आम्ही पाच दिवस सिंगापूरला जाऊन आलो. यजमान, मी, दीड वर्षाचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. "मायबाई, मी कायले येऊ? मी राखतो घर, तुमी जाऊन या," हे त्यांचे पहिले उत्तर. मी आग्रह केला. त्या आग्रहात प्रेम होते, पण खरे सांगायचे तर हिशेबही होता. आजी सोबत असली म्हणजे पोर सांभाळायला दोन हात जास्त. त्या हिशेबाचे पुढे काय झाले, ते सांगतेच.

पहिली अडचण कागदांची. सासूबाईंच्या आधारवर नावापुढे "बाई" होते, सातबारावर नव्हते आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. सगळीकडे एक नाव करून घेण्यातच महिना गेला. तेव्हा तिकिटाच्या आधी कागद पाहा. २०१७ पासून टपाल कार्यालयांतूनही पासपोर्टची केंद्रे निघाली आहेत, त्यामुळे दर वेळी नागपूरची वारी करावी लागत नाही. साठीपुढच्या माणसांना आणि आठ वर्षांखालील मुलांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सूट आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो, दुसरा कागद चालत नाही. ग्रामपंचायतीतून तो वेळीच काढून ठेवा. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो.

सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो. शिवाय पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. तो फुकट आहे. विमानात दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसते आणि त्याचे भाडे बरेच कमी पडते. येताना दोन वर्षे पूर्ण होत असतील, तर मात्र त्याला वेगळी जागा घ्यावी लागते.

आता शिदोरीचे. सासूबाईंनी आठ दिवस आधी डिंकाचे लाडू वळले होते. रीतीप्रमाणे त्यात खसखस. ओळखीच्या एकाने वेळेवर सावध केले म्हणून बरे. आपल्या स्वयंपाकघरातली ही साधी खसखस सिंगापुरात आणि दुबईत अमली पदार्थांच्या यादीत धरतात. ती सापडली तर मोठा घोटाळा होतो. लाडू घरीच राहिले, शेजारणीच्या पोरांनी खाल्ले. खर्रा, गुटखा, तोंडात धरायची तंबाखू यांनाही सिंगापुरात २०१६ पासून बंदी आहे. च्युइंगगम नेऊ नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कमरेची चंची निघण्याआधी मोकळी करून घ्या. त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते आणि परक्या देशात त्याची भाषा कोणाला कळत नाही. औषधे मूळ पाकिटातच न्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि प्रवासाचा विमा काढताना बीपी, साखर लपवू नका. लपवलेल्या दुखण्याचा खर्च विमा देत नाही.

बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली, पण आम्ही बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरली. मुंबईहून सिंगापूर साडेपाच-सहा तासांचे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून पहिल्या दिवशी बाळाच्या झोपेचे तंत्र बिघडतेच. तिकीट काढतानाच आजीसाठी चाकाची खुर्ची मागून ठेवा. "मी काय लंगडी झाली का?" म्हणून सासूबाई रुसल्या होत्या. पण विमानतळावरची चाल पाहिल्यावर मुकाट्याने बसल्या. विमान उतरताना बाळाच्या कानांत दडे बसतात, तेव्हा त्याला पाजत राहावे.

पहिले दोन दिवस आम्ही काय केले ते ऐका. सकाळी सगळे मिळून हिंडायचो. दुपारी पोर झोपले की आजीला त्याच्याजवळ खोलीत बसवून आम्ही दोघे बाहेर. मला त्यात काही चूक वाटली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो, तर सासूबाई खिडकीशी बसलेल्या. पोर केव्हाच उठले होते, त्यांच्या मांडीवर खेळत होते. त्या तक्रारीने बोलल्या नाहीत. एवढेच विचारले, "बाई, खाली ते मोठं झाड हाय, ते कायचं? दोन दिस झाले पाहून रायली." नवव्या मजल्यावरून त्यांनी सिंगापूरचे एक झाड पाहिले होते. त्यासाठी एवढा खर्च करून त्यांना आणले होते काय? मला त्या रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सगळा बेत मोडला आणि वनस्पती उद्यानात गेलो. हे उद्यान १८५९ सालचे. २०१५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. आत जायला पैसे नाहीत, फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे. लहान मुलांसाठी वेगळी बाग आहे, तीही फुकट. तिथे यजमान पोराला घेऊन पाण्यात खेळले आणि मी सासूबाईंना घेऊन झाडे पाहत हिंडले. १८८८ मध्ये रिडले नावाचे साहेब या बागेचे प्रमुख झाले. झाड न मारता सालीला खाच पाडून रबराचा चीक कसा काढायचा, ते त्यांनी इथे प्रयोग करून दाखवले. मी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "डिंकावानीच त हाय. खोल घाव घातला का झाड मरते." त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

परतताना त्यांनी विचारले, इथे वावरं कुठे आहेत? सगळे सिंगापूर जेमतेम ७३५ चौरस किलोमीटर. आपल्या अकोला जिल्ह्यात असे सात मावतील. नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते. हे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे यायले खाऊ घालणारा दुसराच कोनी हाय." मला वाटते, त्या शहराबद्दल आम्हा चौघांत सर्वांत शहाणे वाक्य तेच.

पुढचे दिवस मग वाटून घेतले. एक दुपार मी पोराजवळ, एक दुपार यजमान. सेरंगून रस्त्यावर देवळे आहेत, १९४७ पासून चालू असलेले शाकाहारी कोमला विलास आहे. वरणभाताला जीव आसुसला की तिकडे जावे. नळाचे पाणी पिता येते. मेट्रोत मात्र खाणे-पिणे मना, दंड पाचशे डॉलरपर्यंत. म्हणून पोराला बिस्किट गाडीत चढण्याआधीच द्यावे. नव्वद सेंटिमीटरखालच्या मुलाला भाडे नाही.

मायबहिणींनो, आजीला जरूर न्या. पण निघण्याआधी स्वतःला एक विचारा, आपण तिला जग दाखवायला नेतो आहोत, की पोर धरायला? तिने जन्मभर आपली पोरे धरली, कापूस वेचला, घर राखले. चार दिवस तरी तिच्या हातचे पोर आपण घ्यावे.

सासूबाई आता पारावर बसून रबराच्या झाडाची गोष्ट सांगतात. खिडकीखालच्या त्या झाडाचे नाव मात्र मी विचारून घ्यायला विसरले. ती रुखरुख अजून आहे.