रिसोडची वेलांटी आणि संगणकाचा उंबरठा

संगणक सुरू होताना पडद्यावर आधी काय यावे, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून भाषेचे अभ्यासक मोकळे होतात. आमच्या मते यात नुकसान मराठीचेच आहे.

'रिसोड' हाच शब्द घ्या. वाशीम जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावाचे नाव कागदावर उमटते तेव्हा वेलांटी 'र'च्या आधी दिसते. युनिकोडच्या साठवणीत मात्र 'र' आधी आणि वेलांटी नंतर. पडद्यावर हा क्रम फिरवावा लागतो, जोडाक्षरे सांधावी लागतात. लिनक्सच्या चित्रमय डेस्कटॉपवर हे काम हार्फबझसारखी प्रणाली करते. त्याआधीच्या काळ्या कन्सोलला ते जमत नाही. तेथे एका वेळी फार तर 512 चिन्हे, तीही ठरावीक चौकटींत. म्हणजे डेस्कटॉप उभा राहीपर्यंत रिसोडला आपले नावही यंत्रावर धड वाचता येत नाही!

पूर्वी 'स्टार्टएक्स' ही आज्ञा टंकून डेस्कटॉप उघडावा लागे. आता बहुतेक वितरणांत सिस्टमडी ती जबाबदारी घेते, डिस्प्ले मॅनेजर प्रवेशपडदा दाखवतो आणि तेथून वापरकर्त्याचे सत्र सुरू होते. त्या सत्राची भाषा या उंबरठ्यावर निवडता येते. लाइटडीएमच्या जीटीके प्रवेशपडद्यावर भाषांची यादी असते. जीडीएमच्या जुन्या आवृत्त्यांतही ती होती.

आमचा आक्षेप आहे तो स्वयंप्रवेशाला. महाविद्यालयाच्या सामायिक संगणकावर परवलीचा शब्द टाळण्यासाठी तो चालू केला, की थेट डेस्कटॉप येतो, आणि तोही बसवणाऱ्याने निवडलेल्या भाषेत. ग्नोम आणि केडीई यांचे मराठीकरण स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून केले. सी-डॅकने 2007 साली आणलेल्या 'बॉस' लिनक्सचा भरही भारतीय भाषांवर होता. पर्याय आहे हेच विद्यार्थ्याला दिसले नाही, तर तो मराठी मेनू मागणार कसा?

कन्सोलपुरता मात्र आम्ही इंग्रजीचाच पक्ष घेतो. डेस्कटॉप कोसळल्यावर दुरुस्तीची सूचना मराठीत येऊन तिचे नुसते चौकोन दिसणार असतील, तर तसला भाषाभिमान कोणाच्या उपयोगाचा? रिसोडमधील मराठीच्या प्राध्यापकांनी प्रयोगशाळेत जाऊन एवढेच सांगावे: स्वयंप्रवेश बंद करा, मराठीचा भाषासंच बसवा आणि प्रवेशपडद्यावर भाषांची यादी दिसू द्या.