आठवड्याला दोन तास

तिसरी ते पाचवीच्या मुलांना गृहपाठ किती असावा, हे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२० च्या दप्तर धोरणात लिहून ठेवलं आहे. आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दिवसाला नव्हे, आठवड्याला. पहिली-दुसरीला अजिबात नाही. त्याच धोरणातला दुसरा नियम, दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, हा मात्र बऱ्याच जणांना ठाऊक असतो. दप्तर काट्यावर ठेवता येतं, त्याचा फोटो छापता येतो. सात वर्षांच्या मुलीला ‘एक ते शंभर, तीन वेळा’ लिहायला किती वेळ लागला आणि त्यातला रडण्यात किती गेला, हे मोजणारा काटा कुठल्याच गटशिक्षणाधिकाऱ्याकडे नाही.

आदेशांची टंचाई कधीच नव्हती. यशपाल समितीने १९९३ मध्ये सांगितलं होतं की, प्राथमिकच्या मुलांना घरी काही द्यायचंच तर घराभोवतीचा परिसर न्याहाळण्यापुरतं द्या. मे २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीचा गृहपाठ बंद करायला सांगितलं आणि नोव्हेंबरात केंद्राने तशा सूचना राज्यांना धाडल्या. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस मुलांची झोप आणि गृहपाठ, दोन्हींबद्दल बोलले. झोपेची दखल घेतली गेली. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. गृहपाठ होता तिथेच राहिला.

याचं एक कारण शाळेच्या फाटकाबाहेर उभं असतं. बाईंनी दोन दिवस काही दिलं नाही, की तिसऱ्या दिवशी पालक विचारतात, ‘वर्गात शिकवतात की नाही?’ वर्गात काय चालतं ते त्यांना दिसत नाही, दिसते ती वही. भरलेली पानं हीच मग फीची पावती होते. बाईही शहाण्या असतात. त्या पानं भरून घेतात.

वार्की फाउंडेशनने २९ देशांतल्या पालकांची एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. मुलांच्या अभ्यासात मदत करायला भारतातले पालक आठवड्याला सरासरी १२ तास देतात, असं त्यात निघालं. हा सगळ्यांत मोठा आकडा होता. फिनलंडचे पालक तीन तासांच्या आसपास होते, जपानचे त्याहून खाली. ऑनलाइन पाहणीत शहरी, शिकलेले पालकच जास्त येणार, हे धरूनही बारा तास म्हणजे बारा तास. ते बहुतेक घरांत आईच्या खात्यातून जातात, भाजी फोडणीला टाकल्यावर आणि कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या आत.

खरी करामत ‘प्रकल्पा’त असते. रात्री साडेआठला व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो: उद्या ‘वाहतुकीची साधने’, चार्ट पेपरवर. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे बैलगाडी, एसटी आणि विमान एकाच छापील तक्त्यावर तयार मिळतात. आई कापते, बाबा चिकटवतात, मूल झोपतं. सकाळी त्यावर ‘छान’ असा शेरा पडतो. तो कोणाला मिळाला, हे बाईंना, आईला आणि मुलालाही नीट माहीत असतं.

हे दोन खोल्या आणि मोकळी संध्याकाळ असलेल्या घरात झालं. आई आठला कामावरून येते, मुलाची शाळा सेमी-इंग्रजी म्हणून गणित इंग्रजीतून आणि आईचं शिक्षण मराठीतून सातवीपर्यंत, अशा घरात तोच गृहपाठ शिकवणीला जातो. शालेय शिक्षणाची स्थिती मोजणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातली पहिली ते आठवीची ३०.५ टक्के मुलं पैसे भरून शिकवणीला जात होती. २०१८ मध्ये हे प्रमाण २६.४ टक्के होतं. लहान इयत्तांच्या शिकवणीत शिकवणं कमी आणि शाळेचा गृहपाठ उरकून घेणं जास्त. शिकवणीही न परवडणारं मूल दुसऱ्या दिवशी बाकावर उभं राहतं. शिक्षा घराला होते, उभं मूल राहतं.

एवढं करून हाती काय लागतं? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये गृहपाठावरच्या संशोधनांचा आढावा घेतला. सातवीपासून पुढे गृहपाठ आणि गुण यांचा बऱ्यापैकी संबंध दिसला, प्राथमिकमध्ये तो फारच पुसट होता. कूपर गृहपाठाचे विरोधक नव्हेत, म्हणून त्यांचं म्हणणं जास्त वजनदार.

दुसरी बाजू जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत ऐकायला मिळते आणि ती खोटी नाही. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक कधी मतदारयादीच्या कामावर, कधी प्रशिक्षणाला. ‘घरी काही दिलं नाही तर मुलं वहीला हातच लावणार नाहीत,’ असं तिथले गुरुजी म्हणतात. वाचन आणि पाढे सरावाने येतात, हेही खरंच. म्हणून सरसकट बंदी हा उपाय नव्हे. फ्रान्समध्ये प्राथमिकच्या लेखी गृहपाठाला १९५६ पासून मनाई आहे आणि तिथली मुलं आजही घरी लिहीत बसतात.

निकष साधा हवा: मुलाला एकट्याने, दप्तरातल्या सामानावर, मोठ्या माणसाच्या मदतीविना करता येईल तेवढंच घरी द्यावं. आजीला एक धडा मोठ्याने वाचून दाखवणं यात बसतं, ऐकायला आजीला अक्षरओळख लागत नाही. किराण्याच्या बिलाची बेरीज बसते. सौरमालेची प्रतिकृती बसत नाही.

आणि दिलेलं तपासलं जावं. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. प्रत्येक वहीला दोन मिनिटं दिली तरी रोजचा एक तास लागतो. हा तास वेळापत्रकात कुठे असतो? नसतोच, म्हणून पानाखाली लाल शाईची एक तिरकी रेघ आणि सही उरते. मुलाने सात चुकीचा काढला असेल, तर तो वर्षभर तसाच निघतो.

हे ठरवायला मंत्रालयात जायची गरज नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असं कायदाच सांगतो. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, पण तिथे चर्चा फीवर जास्त होते. जूनच्या पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवावा: कोणत्या इयत्तेला आठवड्याला किती गृहपाठ, आणि वह्या कोण, कोणत्या तासाला तपासणार. ‘आज काहीच दिलं नाही का?’ असं फाटकाशी विचारणार नाही, एवढी कबुली पालकांनी त्याच बैठकीत द्यावी. ठरेल ते इतिवृत्तात नोंदवून फीच्या तक्त्याशेजारी फलकावर लावावं.