पाहुण्यांच्या गर्दीतली गिटार

ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्लोस सँटानाचा 'ब्लेसिंग्ज अँड मिरॅकल्स' हा अल्बम आला, तेव्हा हा गिटारवादक ७४ वर्षांचा होता. सोबत रॉब थॉमस, ख्रिस स्टेपल्टन, स्टीव्ह विनवूड, मेटालिकाचा कर्क हॅमेट, रॅपर जी-ईझी आणि त्याच वर्षी निधन झालेला पियानोवादक चिक कोरिया. एवढी नावे वाचूनच अनेक समीक्षकांनी जुना आक्षेप पुन्हा बाहेर काढला: मुखपृष्ठावर नाव सँटानाचे, आत मात्र पाहुण्यांचीच वर्दळ.

या आक्षेपाचे मूळ १९९९ च्या 'सुपरनॅचरल'मध्ये आहे. १९७१ नंतर सँटानाचा एकही अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला नव्हता. ज्यांनी त्याला साठच्या दशकात कोलंबिया कंपनीत घेतले होते, ते क्लाइव्ह डेव्हिस तेव्हा अरिस्टा कंपनी चालवत होते. त्यांनी त्याच्याभोवती लॉरिन हिल, डेव्ह मॅथ्यूज, एव्हरलास्ट, मेक्सिकोचा माना हा बँड आणि एरिक क्लॅप्टन अशी मंडळी जमवली. त्यातले रॉब थॉमसने गायलेले 'स्मूद' बिलबोर्डच्या यादीत १२ आठवडे पहिले राहिले, 'मारिया मारिया' १० आठवडे. फेब्रुवारी २००० मध्ये सँटानाने एकाच रात्री आठ ग्रॅमी घेऊन मायकेल जॅक्सनच्या विक्रमाशी बरोबरी केली. अल्बम जगभरात कोट्यवधींनी खपला. इतके यश मिळाले की संशयही येतोच. हे यश गिटारचे की पाहुण्यांचे, असे तेव्हापासून विचारले जाते.

पण सँटाना मुख्य गायक होता तरी कधी? १९७० च्या 'अब्राक्सस'मधले 'ब्लॅक मॅजिक वुमन' फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनने लिहिलेले आणि 'ओये कोमो वा' टिटो पुएंतेचे. 'ब्लॅक मॅजिक वुमन' गायला ग्रेग रोली. तरीही आज ती गाणी सँटानाचीच म्हणून ओळखली जातात, आणि ते योग्यच आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक महोत्सवात, पहिला अल्बम बाजारात येण्याआधीच, ज्या 'सोल सॅक्रिफाइस'ने सँटानाच्या बँडला घराघरात नेले, त्यात गायन नव्हतेच. काँगा आणि टिंबाले ही तालवाद्ये, विशीतल्या मायकेल श्रीव्हचे ड्रम आणि त्या सगळ्यांशी झोंबणारी गिटार, एवढेच. (आदल्याच रात्री त्याच मंचावर रविशंकर आणि अल्लारखाँ वाजवून गेले होते.) दुसऱ्याचे गाणे, दुसऱ्याचा गळा आणि त्यात आपली गिटार ही सँटानाची पहिल्यापासूनची रीत आहे. तिला १९९९ मध्ये अचानक तडजोड म्हणणे म्हणजे त्याची आधीची सगळी कारकीर्द विसरणे.

कसोटी लावायचीच तर आपल्या मैफलीतली लावावी. गायकाने एक जागा घेतली की सारंगी किंवा पेटी तिला काय उत्तर देते, यावर श्रोता साथीदाराला जोखतो. 'स्मूद'मध्ये थॉमसची ओळ संपते न संपते तोच गिटार तिच्यावर बोलते, आणि गाण्याचा शेवट तर ती जवळजवळ स्वतःच्याच ताब्यात घेते. ही संगत आहे, आणि तीही वरचढ. थॉमसने गाण्याची केवळ नमुना-ध्वनिफीत गायली होती. त्याच्या मनात जॉर्ज मायकेलचा आवाज होता. सँटानाने ती ऐकली आणि हाच गळा हवा म्हटले.

आक्षेप खरा ठरतो तो पुढच्या अल्बमांत. २००२ च्या 'शामन'मधले 'द गेम ऑफ लव्ह' आधी टीना टर्नरकडून गाऊन घेतले होते. प्रसिद्ध झाले ते मिशेल ब्रँचच्या आवाजात. गाणे गोड आहे, त्याला ग्रॅमीही मिळाले. पण टर्नरसारखा धगधगता गळा आणि एका तरुण पॉप गायिकेचा गळा एकाच गाण्यात एकमेकांच्या जागी चालून जातात, याचा अर्थ गाण्याचा साचा आधीच ठरला आहे. अशा साच्यात गिटारलाही नेमून दिलेल्या फटीतच वाजावे लागते. २००५ चा 'ऑल दॅट आय अ‍ॅम' याच वाटेने गेला. २०१० चा 'गिटार हेवन' त्याहून अवघड चूक: इतरांच्या गाजलेल्या गिटारगीतांना पाहुणे गायक जोडलेले. ज्या गाण्यांची गिटारच लोकांना तोंडपाठ आहे, तिथे सँटानाला उत्तर द्यायला जागा उरतेच कुठे?

उलट उदाहरणेही त्याचीच आहेत. आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांच्या प्रभावाखाली असताना त्याने १९७३ मध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनबरोबर 'लव्ह डिव्होशन सरेंडर' केला. हाच मॅक्लॉक्लिन पुढे झाकीर हुसेन यांच्यासह 'शक्ती' या बँडमध्ये वाजवू लागला. 'लव्ह डिव्होशन सरेंडर'मध्ये दोघांच्या गिटार जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या रचनांवर एकमेकींना अक्षरशः भिडतात. २०१९ च्या 'आफ्रिका स्पीक्स'मध्ये निर्माता रिक रुबिनने बुइका या स्पॅनिश गायिकेचा आवाज अल्बमभर ठेवला, आणि बँडला मोकळे वाजू दिले. सोबत मुख्यतः तीच, पण तिच्याशी संवाद अखंड. त्याला समीक्षकांनी मनापासून दाद दिली, आणि अमेरिकेच्या यादीत तो थेट तिसऱ्या क्रमांकावर आला.

म्हणून २०२१ च्या अल्बमलाही सरसकट निकालात काढू नये. जी-ईझीबरोबरचे 'शीज फायर' कुठल्याही गिटारवादकाने वाजवले असते तरी फार फरक पडला नसता. पण विनवूडने गायलेले 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' पुन्हा ऐकावे. १९६७ पासून प्रोकोल हॅरमचे ते ऑर्गन लोकांच्या कानात घर करून बसले आहे. इथे गाण्याला क्यूबन चाल मिळते, विनवूड सावकाश गातो आणि त्याने मोकळ्या सोडलेल्या जागांत सँटानाची गिटार त्याच्या बरोबरीने गाते.